नकाशाच्या सूचीत पाडा कुठे?

मुंबईत आदिवासी राहतात असं सांगितलं, की बहुतेक जण विचारतात, ‘कुठून आले?’ गोरेगावच्या आरे वसाहतीत २७ पाडे आहेत, शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणखी आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी लोक तिथे राहतात. २०११ च्या जनगणनेत देशातले आदिवासी सुमारे १०.४ कोटी होते आणि त्यातले जवळपास दहा टक्के शहरांत होते. पोटासाठी शहरात आलेले त्यात पुष्कळ. पण काहींच्या दारापर्यंत शहरच चालत आलं, आणि आरेतले पाडे त्यातलेच.

खालचा संवाद मी रचलेला आहे. ‘सर’ हे निवृत्त नगररचनाकार, अख्खी नोकरी आराखडे करण्यात गेलेले. ‘ताई’ आरेतल्या एका पाड्यावर वाढलेल्या वारली बाई, तिथेच बालवाडी चालवतात. दोघंही कल्पनेतले, वाद मात्र खरा आहे. माझा कल ताईंकडे आहे, तो लपवत नाही. पण म्हणून सरांच्या तोंडी लेचेपेचे मुद्दे घातलेले नाहीत. ताईंच्या ओटीवर बाजेवर विकास आराखड्याचा नकाशा पसरलेला आहे आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर पाट ठेवलेला आहे.

ताई — सर, यात आमचं घर दाखवा.

सर — हा आरे रोड. ही फिल्मसिटी. तुम्ही साधारण इथे कुठेतरी.

ताई — इथे तर नुसता हिरवा रंग आहे.

सर — हरित क्षेत्र. बांधकामाला मनाई. तुमच्या दृष्टीनं चांगलंच आहे की.

ताई — झाडांच्या दृष्टीनं चांगलं आहे. आम्ही कुठल्या रंगात बसतो ते विचारते. ही बाजूला सूची दिलीय ना, पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा कारखाने. यात पाड्याचा रंग कुठला?

सर — पाडा हा जमीनवापर नाही हो. तुम्ही राहता म्हणजे निवासी, शेती करता म्हणजे शेती. नगररचना जमिनीचा वापर बघते, माणसाची जात-जमात बघत नाही. आणि बघूही नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशात जात आली की पुढे काय होतं, ते जगात पाहिलंय आपण.

ताई — जात नका लिहू. पण गावठाण लिहिता ना? वांद्र्याचं, मरोळचं गावठाण नकाशात आहे, कोळीवाडा आहे.

सर — गावठाणाची इंग्रजांच्या काळापासून मोजणी झालेली आहे. हद्द आहे, दगड आहेत, महसूल दप्तरी नोंद आहे. तुमच्या पाड्यांची तशी नोंद नाही, त्याला मी काय करू?

(सरांचं हे म्हणणं खरं आहे, आणि सगळ्या भानगडीचं मूळही तेच. इंग्रजांच्या काळात साष्टीतली पुष्कळ गावं मोठमोठ्या घराण्यांच्या खोतीत गेली. पवई फ्रामजी कावसजींकडे होती. कागदावर मालक एक आणि जमिनीवर राबणारा वारली दुसरा. मोजणी झाली ती मालकाच्या जमिनीची. पाड्यातली घरं तर कुडाची, चार-सहा वर्षांनी सरकणारी, एकमेकांपासून लांब. मोजणीदाराला त्यात गाव दिसलं नाही.)

ताई — नोंद नाही असं कसं? १९४९ साली सरकारनं इथे दूध वसाहत काढली. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढायचे होते, म्हणून जवळपास १,३०० हेक्टर जमीन घेतली. तीसुद्धा नगररचनाच ना? म्हशींची! गोठ्यांना युनिट नंबर मिळाले, रस्ते मिळाले, वीज-पाणी मिळालं. माझ्या आज्याचं घर त्याच जमिनीवर होतं, त्याला नंबर नाही मिळाला. म्हशींचं नियोजन नीट झालं, असंच म्हणायचं.

सर — त्या काळात मुंबईला दूध हवं होतं. शहरातल्या गोठ्यांची घाण ही आरोग्याची मोठी अडचण होती. आजही ते पाऊल चुकलं असं मी म्हणणार नाही.

ताई — मीही म्हणत नाही. पण त्या जमिनीतून पुढे काय काय निघालं ते बघा. १९७७ साली फिल्मसिटी आली. राज्य राखीव पोलीस दलाला जमीन गेली, पशुवैद्यकीय कॉलेजला गेली, आणखी कुणाकुणाला गेली. दर वेळी कागदावर जमीन मोकळीच होती. आमचे काही पाडे आज फिल्मसिटीच्या आत आहेत. शूटिंगसाठी खोटं खेडं उभं राहतं, ते चालतं. खऱ्या पाड्यातलं छप्पर बदलायचं तर ना-हरकत आणा.

सर — हे वाईट आहे. पण हा मालकी खात्याचा कारभार झाला, नगररचनेचा नाही.

ताई — आमच्या दारात सगळी खाती एकाच गाडीतून उतरतात, सर.

सर — बरं, मग माझी बाजू ऐका. या शहरात २०११ साली १ कोटी २४ लाख लोक होते. चाळीस टक्क्यांच्या वर झोपड्यांत. जमीन आहे तेवढीच, तीन बाजूंनी पाणी. आराखडा करणाऱ्यापुढे रोज कोण येतं? कोळी येतात, ईस्ट इंडियन येतात, गिरणगावातल्या चाळीतले येतात, धारावीतले कुंभार येतात. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही आधीचे. प्रत्येकाचं थोडंफार खरं असतं. प्रत्येकाला वेगळा रंग दिला तर नकाशा होईल, पण शहर होणार नाही. मेट्रो कुठून न्यायची? दवाखाना कुठे बांधायचा?

ताई — मेट्रोचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं.

सर — हो, काढणारच. मेट्रो-३ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी लाइन आहे. तिच्यामुळे किती गाड्या रस्त्यावरून कमी होतात, लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांचे किती हाल कमी होतात, याचा हिशेब तुम्ही लोक कधी मांडत नाही. गाड्या उभ्या करायला कारशेड लागतं, ते हवेत बांधता येत नाही.

ताई — आम्हीही लोकलनंच जातो, सर. हाल आम्हालाही कळतात. प्रजापूर पाड्याचं विचारते मी. कारशेडसाठी ती कुटुंबं उठवून चकाल्याच्या इमारतीत नेली. कुठल्या हिशेबात नेली? झोपडीधारक म्हणून. म्हणजे रस्त्याच्या कडेला दहा वर्षांपूर्वी पत्रा ठोकलेला माणूस आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारा माणूस तुमच्या कागदात एकच.

सर — घराच्या बदल्यात पक्कं घर मिळालं की.

ताई — सर्व्हे झाला तो घराचा. दारावर रंगानं नंबर टाकला, टेपनं खोली मोजली, घरातल्या माणसांची नावं लिहिली. आता या ओटीवरून बघा. ती समोरची वाडी, त्यात भात, पलीकडे भेंडी-काकडी. ती चिंच. ते खळं. ती विहीर चार घरांची. त्या बांधापलीकडे वाघदेव. तिकडे खाली नाल्याजवळ आमचं मसण. यातलं टेपमध्ये काय आलं? खोली आली. खोलीच्या बदल्यात तुम्ही खोली दिलीत, आणि हिशेब पुरा झाला असं लिहिलंत.

(इथे सर थोडा वेळ गप्प बसले असं मी लिहिणार होतो. पण माझ्या माहितीतले नगररचनाकार इतक्यावर गप्प बसत नाहीत.)

सर — वाडीची, झाडांची भरपाई देता येते. त्याचे दर असतात.

ताई — सातबारा असेल तर. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजना आली ना? चांगली होती म्हणतात. पण कुणाला? ज्याची जमीन गेली त्याला. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या शेतावर राबला, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरून जगला, त्याच्या वाट्याला साडेबारा टक्के शून्य. आणि शेवळांचा दर काय लावणार?

सर — शेवळं म्हणजे?

ताई — पहिल्या पावसात उगवतात. आम्ही पहाटे काढतो, जुडी बांधतो, सोबत काकडाची फळं देतो, कारण ती नाही घातली तर भाजी खाजते. गोरेगाव स्टेशनबाहेर तुमच्याच घरच्या बायका घेतात, आवडीनं घेतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. चार महिने पाड्यातल्या कितीतरी बायकांचा बाजारहाट त्यावर चालतो. आता हे कुठल्या जमीनवापरात लिहाल? जिथे भाजी उगवते तिथे आम्ही अतिक्रमण. जिथे विकायला बसतो तिथे विनापरवाना फेरीवाले. दोन्हीकडे आमच्यावर दंड, आणि मधे चालत जातो तेवढा रस्ता कायदेशीर.

सर — ताई, हे मान्य. जमीनवापराच्या सर्व्हेत ज्या वेळी माणूस जातो त्या वेळी जे दिसतं ते लिहिलं जातं. मार्चमध्ये गेला तर गवत लिहील. २०१५ सालच्या आराखड्याच्या मसुद्यात तर कहर झाला होता. देवळं, शाळा, कुठलं काय कुठे दाखवलेलं. कोळीवाडे, पाडे धड आलेलेच नव्हते.

ताई — आणि आरेत बांधकाम सुचवलं होतं.

सर — हो. तो मसुदा सरकारनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केला. का? हजारो लोकांनी हरकती घेतल्या म्हणून. हीच तर या प्रक्रियेची ताकद. १९६६ च्या नगररचना कायद्यात सूचना-हरकतींची तरतूद आहे. नव्यानं मसुदा झाला, २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. व्यवस्था सुधारते, वेळ लागतो.

ताई — हरकत घ्यायला आधी नकाशा बघावा लागतो. तो वॉर्ड ऑफिसात लावलेला. हरकतीचा कागद कुणी लिहायचा? जमिनीचा पुरावा काय जोडायचा? शहरात राहून आमच्यापैकी कित्येकांना जातीच्या दाखल्यालाच किती खेपा माराव्या लागतात. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. त्याच्या वर्षभर आधी आमची जमीन सरकारी झाली, तेव्हा आज्याच्या नावानं कागद कोण करून देणार होतं?

ताईंच्या या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली, ती मी जोडतो. तलासरीतला वारली आणि आरेतला वारली एकमेकांचे सोयरे असतात. तलासरी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, जमीन घ्यायची तर ग्रामसभेशी निदान बोलावं लागतं. ते पाळलं जातं असं नाही, पण मोडलं तर कोर्टात जाता येतं. मुंबई अनुसूचित क्षेत्रात नाही. आरेतल्या पाड्याला ग्रामसभा नाही, ग्रामपंचायत नाही, आहे तो महापालिकेचा एक प्रभाग, त्यात मतांच्या हिशेबानं पाडे चिमूटभर. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला मधे धरून लिहिलेला. महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभा म्हणजे कोण, इथेच गाडी अडते. कायद्यानं आदिवासी रानात कल्पिलेला आहे आणि नगररचनेनं शहरात माणूस कल्पिलेला आहे तो भाडेकरू, मालक किंवा झोपडीधारक. पाड्यातला माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

सर — मग तुमचं म्हणणं तरी काय? आरे जंगल जाहीर करा? ते तर झालं. आठशेच्या आसपास एकर राखीव वन म्हणून पुढे आलं. पर्यावरणवाल्यांनी पेढे वाटले.

ताई — झाडं तोडली त्या रात्री, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आम्हीही रस्त्यावर होतो. दोन हजारांवर झाडं गेली. शहरातली पोरंपोरी आली, मार खाल्ला, अटक झाली, त्यांचे उपकार आहेत. पण जंगल जाहीर झालं तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा आला.

सर — का?

ताई — पलीकडे नॅशनल पार्कात काय झालं ते ठाऊक आहे ना? १९९५ साली पर्यावरण संस्था कोर्टात गेली, १९९७ साली हायकोर्टाचा आदेश आला, अतिक्रमणं हटवा. यादी झाली. १ जानेवारी १९९५ ही तारीख, आणि सात हजार रुपये भरा. पाड्यातला आदिवासी आणि काल आलेला झोपडीवाला, दोघं एकाच यादीत. जंगल वाचवायचं म्हणून जंगलातल्यांनाच काढायचं. म्हणून सांगते, काँक्रीटवाला येतो तेव्हा आम्ही झोपडपट्टी होतो आणि जंगलवाला येतो तेव्हा अतिक्रमण होतो.

सर — (नकाशाची घडी सारखी करत) आता मी जरा कडवट बोलतो. झोपडपट्टी म्हणवून घ्यायचं नाही म्हणता. पण १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात निदान संरक्षण आहे. घोषित झालं की नळ देता येतो, संडास देता येतो, उठवलं तर पर्यायी घर द्यावं लागतं. ते नाकारलंत तर उरता काय? सरकारी जमिनीवरचं विनापरवाना बांधकाम. दुसरं, तुमच्या पोरांना विचारलंय का कधी? त्यांना लिफ्टची इमारत हवी आहे. तुम्हाला खळं हवंय.

ताई — माझ्या भावालाच हवा आहे फ्लॅट. त्याच्या बायकोला तर आधी हवा. पावसाळ्यात रात्री बिबट्या फिरत असताना पोराला बाहेर न्यायचं तिला नको वाटतं, ती काय चूक आहे?

सर — मग?

ताई — मग काहीच नाही. ज्याला हवा त्यानं घ्यावा. पण तो त्यानं पाड्याचा माणूस म्हणून घ्यावा, जमिनीवरचा हक्क सोडायची किंमत म्हणून नाही.

सर — हे बोलायला छान आहे. व्यवहारात कसं करणार?

ताई — व्हँकुव्हरला केलं ना.

(सर चमकले. खरं तर मीच चमकलो, कारण हा दाखला ताईंच्या तोंडी घालावा की नाही यावर मी बराच घुटमळलो. मग वाटलं, पाड्यातल्या बाईला फक्त पाड्याचंच ठाऊक असावं, असं ठरवणारा मी कोण.)

सर — व्हँकुव्हरचा प्रकल्प मी वाचलाय. स्क्वामिश लोकांचा. सेनाक्व.

ताई — १९१३ साली त्यांना शहरातल्या त्यांच्या गावातून उठवलं, बोटीत घालून नेलं. ते कोर्टात भांडत राहिले. २००३ साली त्यातली साडेदहा एकर परत मिळाली, भर शहरात, पुलाच्या पायथ्याशी. आता तिथे ते काय बांधतायत? ११ टॉवर! सहा हजार घरं, भाड्यानं द्यायला. जमीन त्यांची, त्यामुळे महापालिकेचे झोनिंगचे नियम लागू नाहीत. पाणी-गटारासाठी महापालिकेशी करार केला, बस.

सर — आणि शेजारचे लोक ओरडले, की एवढी दाटी आमच्या भागात नको. कोर्टातही गेले. काही जण तर म्हणाले, हे काही आदिवासी पद्धतीचं बांधकाम नाही.

ताई — म्हणजे तिथे आदिवासीनं टॉवर बांधला तरी चुकलंच, आणि इथे टॉवरमध्ये जायला कां-कू केली तरी चुकलंच. इमारतीची उंची किती, यावर आमचं भांडणच नाही. ठरवणार कोण, एवढंच विचारतो आम्ही.

सर — ताई, फरक लक्षात घ्या. स्क्वामिशांकडे जमिनीचा मालकी हक्क होता, राखीव जमीन म्हणून इतिहासात नोंद होती. तुमच्याकडे ती नाही, म्हणून मी पुन्हा तिथेच येतो.

ताई — मग तिथूनच सुरू करा. नोंद करा. गावठाणाची दीडशे वर्षांपूर्वी केलीत तशी आमची आता करा. विकासाचं पुढे बघू. २०१८ च्या आराखड्याच्या वेळी पाड्यांच्या हद्दी ठरवायचं बोलणं झालं होतं ना?

सर — झालं होतं. गावठाणं, कोळीवाडे आणि पाडे. हद्द ठरवणं महसूल खात्याचं काम, म्हणून ते तिकडे गेलं. कोळीवाड्यांचीच मोजणी वर्षानुवर्षं चालली आहे, कारण हद्दीत वाळवणाची जागा धरायची की नाही, यावर भांडण. तुमच्या बाबतीत तर वाडी, विहीर, देव, मसण. तुम्ही म्हणाल तशी रेघ मारली तर अर्धी आरे तुमची होईल.

ताई — आज वापरतो तेवढीच मारा. जास्त कशाला मागू? माझ्या पाड्याची वाड्यांसकट रेघ फिरून यायला अर्धा तास लागत नाही.

मला इथे सरांची बाजू घ्यावीशी वाटते. पाडे आता निव्वळ आदिवासींचे राहिलेले नाहीत. काही पाड्यांना लागून झोपड्या उठल्या, बाहेरचे दादा आले, खोल्या भाड्यानं गेल्या. पाड्याच्या हद्दीला कायद्याचं बळ मिळालं, की त्या रेघेच्या आत शिरायला बिल्डरपासून नगरसेवकापर्यंत सगळे धावतील. पण हीच अडचण सांगून आणखी वीस वर्षं मोजणी टाळली, तर मोजायला पाडा उरणार नाही, आणि तेव्हा ‘नोंद नाही’ हे म्हणणं खरंच खरं होईल.

सर — समजा, मी मोजायला आलो. टेप, जीपीएस, सगळं घेऊन. माझ्याबरोबर रेघेवरून कोण चालणार? पाड्याचा पुढारी?

ताई — पुढारी नको. तो आधी नाक्यावरच्या खोल्या आत घेईल, भाडं त्याला येतं. बायका चालतील. विहिरीला, भाजीला, सरपणाला रोज त्याच जातात. रेघ कुठे संपते ते त्यांच्या पायांना ठाऊक आहे.

सर — आणि त्या नाक्यावरच्या खोल्या? वीस वर्षं राहतायत ती माणसं. उत्तर प्रदेशातली, मराठवाड्यातली. त्यांना रेघेबाहेर टाकणार?

ताई — त्यांची घरं त्यांना राहू देत. तुमचा झोपडपट्टीचा कायदा आहे ना, तो त्यांना लावा.

सर — म्हणजे एकाच गल्लीत दोन कायदे. समोरासमोरच्या दारांना वेगवेगळे हक्क. भांडणं होतील.

ताई — होतील. आता नाही होत असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही गुरुवारी या. बुधवारी पाणी येत नाही, बायका लांबच्या नळावर असतात.